सिरियसचा डबा बेळगावात लपवून ऐकणार काय?

भाऊ अटलांटाहून येताना सिरियस एक्सएमचा, म्हणजे तिकडच्या उपग्रहावरनं येणाऱ्या रेडिओचा, रिसिव्हर आणतोय आणि तो तुमच्या जुन्या स्विफ्टमधे कुणाला दिसणार नाही असा बसवायचाय, असं लिहिलंय तुम्ही. आधी भावाला फोन लावा आणि ती वस्तू तिकडंच ठेव म्हणून सांगा. त्यांचे उपग्रह फक्त उत्तर अमेरिकेकडं तोंड करून आहेत, अँटेना कितीही भारी घ्या, खानापूर रोडवर त्यातनं एक सूर निघायचा नाही. आपल्याकडं तसलाच उपग्रह रेडिओ वर्ल्डस्पेस होता की, एशियास्टार उपग्रहावरनं यायचं, गंधर्व चॅनेलवर दिवसभर शास्त्रीय लागायचं, पण ते 31 डिसेंबर 2009 ला बंद पडलं. त्याचे जुने सेट अजून कोण विकत असेल तर घेऊ नका, नुसता डबा आहे तो.

भावाला त्याच्याच गाडीत बसवायचा असेल तर अँटेना टपावर, चारी बाजूला तीनेक इंच सपाट पत्रा सुटेल अशी ठेवायला सांगा, वायर मागच्या दाराच्या रबरातनं आत. लपवायच्या नादात पत्र्याखाली घातली की संपलं, तिला आभाळ दिसायला पाहिजे.

आता तुमच्या गाडीचं. डॅशबोर्डवर काही चिकटलेलं नको ही तुमची हौस मला पटते, मलाही ते लोंबणारं वायरींचं जंजाळ बघवत नाही. तुमच्या डेकला ऑक्स, म्हणजे बाहेरचा आवाज वायरीनं आत घ्यायची खाच, आहे म्हणताय, मग फोनवरची गाणी वाजवायला छोटा ब्लूटूथ रिसिव्हर ग्लोव्हबॉक्सच्या मागं टाका आणि ऑक्सची वायर आतल्या आत डेकपर्यंत न्या. फक्त तिथंच एसीचा फिल्टर असतो, त्याच्या झाकणावर डबा बांधू नका, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला पोरगं तो ओढून काढणार आणि परत लावायचा विसरणार. करंट फ्यूज बॉक्समधनं फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन काढून देणारा जोड, लावून घ्या, तोही चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरनं, कायम चालू लाइनवर घातला तर गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की बॅटरी बसलीच म्हणून समजा. रिसिव्हर पाच व्होल्टचा असेल तर मधे बारा-पाचचा कन्व्हर्टर पाहिजे. मूळ वायर कापून टेप गुंडाळणारा मेकॅनिक असेल तर तिथनं सरळ निघा. अर्थिंग रंग खरवडलेल्या बोल्टवर घट्ट, रंगावरच आवळलं तर रेस दिली की स्पीकरमधनं कुंईंऽऽ असा आवाज येतो आणि लोक उगीच स्पीकर बदलत बसतात. एवढं करूनही आवाज आला तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला, स्वस्तात मिळतो. डब्याला आणि वायरींना कापडी टेप गुंडाळा, आपल्या रस्त्यांवर मोकळी वायर प्लास्टिकवर आपटून खडखड करती आणि ती कुठनं येते ते शोधता शोधता अख्खा डॅश उघडावा लागतो. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू द्यायचा नाही, कुणी कितीही जुना मिस्त्री असूदे.

राहता राहिलं ऐकायचं. गावात वेणुध्वनी हे रेडिओ केंद्र एफएमला 90.4 वर मिळतं, धारवाड आकाशवाणी 765 किलोहर्ट्झवर, डेकला एएम असलं तर. गोव्याला चोर्ल्यावरनं जाताना घाटात फोनची रेंज जाते, तेव्हा गाणी घरच्या वायफायवर उतरवून घ्या आणि मगच निघा.