व्हीलला ‘चाक’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या विद्यार्थ्यांसाठी पायथन या संगणकभाषेची मराठी हस्तपुस्तिका तयार होते आहे. तिच्यात एक वाक्य आहे, ‘या पॅकेजला द्विमान अवलंबित्वे असल्याने आधी त्याचे चाक बांधून घ्यावे.’ हे मराठी बरोबर आहे का?

व्याकरणात खोट नाही, पण वाचणारा गॅरेजमध्ये जाऊन पोहोचेल. चाक म्हणा की कोंकणीतले रोद, फोंड्यातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर गाडीच येणार. पायथनचे व्हील म्हणजे पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा गठ्ठा) थेट बसवता येईल अशी फाइल; तिचा गाडीशी संबंध नाही. भाषेचे नावच मुळात सापावरून नसून मॉंटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून पडले. त्यांचे एक प्रहसन चीजच्या दुकानावर आहे, आणि त्या दुकानात चीजच नसते. त्यावरून पायपीआय या पायथनच्या ऑनलाइन पॅकेज-भांडाराला ‘चीज शॉप’ हे टोपणनाव मिळाले. चीजची मोठी गोल चकती म्हणजे इंग्रजीत व्हील. तेच नाव या फाइलींना दिले गेले. म्हणजे शब्दाला शब्द द्यायचाच तर ‘ढेप’ जवळचा, गुळाची असते तशी. तरी पुस्तिकेत ‘व्हील’च ठेवा. विद्यार्थ्याला पडद्यावर तेच अक्षर दिसणार आहे, आणि डाउनलोडला ‘ढेप उतरवली’ म्हटले तर वर्गात हशाच पिकेल.

‘द्विमान’ इथे चुकीचे आहे. द्विमान म्हणजे शून्य-एकची अंकपद्धती. इथल्या बायनरीचा रोख वेगळा: सी भाषेत माणसाने लिहिलेला मूळ कोड नव्हे, तर कंपाइल होऊन, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरून, तयार झालेली फाइल. पायथनला पोस्टग्रेस या डेटाबेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी२ आणि सायकोपीजी२-बायनरी या पॅकेजांची जोडी पाहा. लिनक्सवर पहिले पॅकेज आपल्याच यंत्रावर कंपाइल होते; त्याला सी कंपाइलर, पायथनच्या हेडर फाइली (कंपाइल करताना लागणाऱ्या घोषणांच्या) आणि पोस्टग्रेसची लिबपीक्यू ही लायब्ररी हेडरांसकट लागते. यातले एक नसले तरी ‘पीजी_कॉन्फिग सापडत नाही’ किंवा ‘पायथन.एच सापडत नाही’ अशी काही चूक दाखवून पिप, म्हणजे पॅकेज बसवणारी आज्ञा, मध्येच थांबतो. दुसऱ्यात कंपाइल झालेली फाइल आणि लिबपीक्यू तयार भरलेली असते, म्हणून यातले काही लागत नाही. कंपाइलला ‘संकलन’ म्हणण्याच्या फंदातही पडू नये. मराठीत संकलन लेखांचे आणि चित्रपटाचे होते.

खरा घोळ डिपेंडन्सीसाठी वापरलेल्या ‘अवलंबित्व’ या शब्दात आहे, कारण तो दिशा सांगत नाही. कोण कोणावर अवलंबून? काही भाषांतरांत तर ‘अवलंबी पॅकेज’ असे दिसते, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा होतो: अवलंबी तो, जो दुसऱ्यावर टेकला आहे. आपल्याला हवा आहे तो टेकू. त्याला साधा शब्द ‘आधार’. (कार्डाची आठवण होईल, होऊ द्या.) त्यातही दोन शब्द वेगळे ठेवावेत. ‘आधार पॅकेज’ म्हणजे पायथनचेच दुसरे पॅकेज. त्याचे नाव व्हीलच्या मेटाडेटात, म्हणजे माहितीच्या नोंदीत, लिहिलेले असते आणि पिप ते आपणहून आणतो. ‘आधार लायब्ररी’ म्हणजे लिबपीक्यूसारखी सीमधून कंपाइल झालेली फाइल, लिनक्सवर .एसओ. ती आणून बसवणे पिपला जमत नाही. म्हणून ती व्हीलच्या पोटातच घालावी लागते.

हे काम लिनक्सवर ऑडिटव्हील हे साधन करते, मॅकवर डेलोकेट, विंडोजवर डेल्व्हव्हील. ऑडिटव्हीलच्या आज्ञेत ‘रिपेअर’ आहे, पण ‘दुरुस्ती’ लिहू नका. मोडलेले काही नसते. ते लागणाऱ्या लायब्ररींच्या प्रती पॅकेजच्या नावाच्या ‘.लिब्स’ फोल्डरात ठेवते, दुसऱ्या प्रतीशी टक्कर होऊ नये म्हणून नावात हॅश (फाइलीवरून काढलेली अक्षर-अंकांची खूण) घालते आणि लायब्ररी शोधण्याचा मार्ग बदलते. ‘लायब्ररी पोटात घेणे’ हे मराठी त्याला चपखल बसते. एक तोटा मात्र सांगून ठेवा: पोटातली लायब्ररी, उदाहरणार्थ सुरक्षित जोडणीची ओपनएसएसएल, यंत्राच्या अपडेटने बदलत नाही, व्हीलच नवे यावे लागते.

जीलिबसी ही लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी मात्र पोटात घेत नाहीत, ती यंत्राचीच वापरतात. म्हणून फाइलच्या नावात शेवटी ‘मेनीलिनक्स_२_१७_एक्स८६_६४’ अशी खूण असते. यातले २_१७ हे ना पॅकेजचे, ना लिनक्स कर्नलचे, जीलिबसी २.१७ किंवा नंतरची हवी, एवढाच त्याचा अर्थ. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते, तिथे हे व्हील चालत नाही. ‘मसललिनक्स’ खुणेचे लागते. फाइलच्या नावात या खुणेआधी येणारे ‘सीपी३१२’ म्हणजे सीपायथन (नेहमीचा पायथन) ३.१२. खूण जुळली नाही तर पिप गुपचूप मूळ कोड उतरवून कंपाइल करू लागतो, आणि विद्यार्थ्याला समोर दिसते ती जीसीसी या सी कंपाइलरची चूक. कार्यशाळेत हे टाळायचे तर पिपला ‘ओन्ली-बायनरी’ पर्याय द्यावा. मग व्हील नसेल तर पिप लगेच स्पष्ट नकार देतो.

राहिले ‘बांधून घ्यावे’. बांधून घेतात ते पार्सल. व्हील ‘तयार करतात’. वाक्य असे करता येईल: ‘या पॅकेजला कंपाइल केलेल्या आधार लायब्ररी लागतात, म्हणून त्या पोटात घेतलेले व्हील आधी तयार करावे.’

लिंगाचे म्हणाल तर ते व्हील, अनेकवचन व्हील्स. मागे ‘फाइल’ जोडली की ती व्हील फाइल.