भावोजींची पिशवी

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची आहे. साखळीजवळच्या एका गावात राहते. आठ वर्षं म्हापशाला एका सीएंच्या ऑफिसात होते, धाकटीच्या वेळी नोकरी सोडली. आता घरूनच डिचोली-साखळीतल्या अकरा दुकानांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स बघते. दुकानामागे महिन्याला हजार-दीड हजार मिळतात. काम येतं, पण वेळेवर बसवत नाही. रोज "जेवण आटपलं की बसते" म्हणते आणि मग कपाट आवरते, नुस्तं (मासे) साफ करते, नाहीतर मोबाईल बघत राहते. दर महिन्याच्या दहा तारखेला जागरण ठरलेलं. त्यात चुलत दिरांचं हार्डवेअरचं दुकान. त्यांची बिलं पिशवीतून येतात, अर्धी कच्ची. विचारलं तर "वहिनी, तुम्हीच बघा काय ते" म्हणतात. ती पिशवी कोपऱ्यात तशीच पडून असते. गेले काही महिने त्यांचं रिटर्न उशिरा जातंय. लेट फी मीच भरली, घरात कोणाला सांगितलं नाही. मिस्टर म्हणतात, तू आळशी झालीयेस. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. कामात लक्ष लागण्यासाठी काही उपाय सांगा.
— एक वाचक, साखळी
ता. क. : मन लागावं म्हणून ध्यानाचं एक ॲप वर्षभराचे पैसे भरून घेऊ का?

उत्तर : अगं, तुझ्या पत्रात दुकानं अकरा आहेत, पण पिशवी एकाच दुकानाची आहे. बाकी दहा जणांची रिटर्न्स तू रात्र जागून का होईना, मुदतीत घालतेस. आळशी बाई दहा घरचं काम चोख करून अकराव्याच्याच बाबतीत आळस करत नाही. आणि आळस म्हणून नुस्तं साफ करायला बसणारी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत. बांगड्यांची खवलं काढणं तुला त्या पिशवीपेक्षा सोपं वाटतं, याचा अर्थ त्या पिशवीत बिलांखेरीज आणखीही काहीतरी आहे.

टिमथी पिचिल आणि फ्यूशा सिर्वा या दोन संशोधकांनी २०१३ साली हेच मांडलं होतं. त्यांच्या म्हणण्यानुसार चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि भावनेचा जास्त. काम समोर आलं की भीती, कंटाळा, राग असं काहीतरी दाटून येतं. ते नको म्हणून आपण काम बाजूला सारतो, आणि सारल्या सारल्या जरा बरं वाटतं. तेवढ्या बऱ्या वाटण्याची किंमत मग दहा तारखेची रात्र भरते.

तुला त्या पिशवीने काय होतं ते तू लिहिलेलं नाहीस, पण पत्रात ते दिसतं. इतरांकडून किती मिळतात ते लिहिलंयस, भावोजींच्या नावापुढे आकडाच नाही. काहीच मिळत नसणार. म्हणजे बिलं अपुरी, मोबदला शून्य, उद्या खात्याची नोटीस आली तर "वहिनी बघतात" म्हणून बोट तुझ्याकडे, आणि चवथीला त्याच मूळ घरात सगळ्यांनी मिळून गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची. अशा कामाला हात लावावासा वाटत नाही यात नवल काय? तू त्यांना तोंडाने "नाही" म्हणू शकत नाहीस. ते तुझे हात म्हणतात, पिशवी न उघडून.

यावर एकाग्रतेचा उपाय चालणार नाही. यावर बोलावंच लागेल.

आधी नवऱ्याशी. लेट फीचा आकडा कागदावर मांड आणि त्यांच्यासमोर ठेव. थ्री-बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न, उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये, दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला एका रिटर्नमागे जास्तीत जास्त २०००, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, हे तुला पाठ आहे. त्यांना नसेल. आपली बायको भावाच्या दुकानासाठी पदरचे पैसे घालते हे कळल्यावर "आळशी" हा शब्द पुन्हा निघतो का ते बघ. निघालाच, तर मला वेगळं पत्र लिही, ते उत्तर वेगळं असेल.

मग भावोजींशी, आणि चवथीच्या पुष्कळ आधी. गणपतीच्या दिवसांत कोणी वाकडं बोलत नाही, त्यामुळे तेव्हा ठरलेलं नंतर कोणी पाळतही नाही. मिस्टरांनी सोबत बसावं, बोलायचं मात्र तूच. लांबण लावू नकोस. "भावोजी, पाच तारखेपर्यंत विक्रीची पक्की बिलं आली तर अकराच्या आत रिटर्न जाईल. नाही आली तर उशीर होईल, आणि लेट फी दुकानातून भरावी लागेल. माझी फी इतरांना आहे तेवढीच." एवढंच. ते म्हणतील, घरच्या माणसाला फी? तर सांग, घरची आहे म्हणून आजवर घेतली नाही. आणि त्यांना कळेल अशा भाषेत हेही सांग की जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, अकरा तारखेच्या आत गेलं नाही, तर त्यांच्याकडून माल नेणाऱ्या कंत्राटदाराच्या चौदा तारखेच्या टू-बीमध्ये, म्हणजे खरेदीच्या यादीत, ते बिल दिसत नाही आणि त्यावरच्या कराचं क्रेडिट (वजावट) पुढच्या महिन्यावर जातं. वहिनीची अडचण एक वेळ बाजूला राहील, गिऱ्हाईक तुटणं राहणार नाही. तरीही जमलं नाही, तर त्यांना दुसरा हिशेबनीस बघायला सांग. मी तर म्हणेन, तसं झालं तर बरंच.

पाच कोटींच्या आतल्यांना तिमाही रिटर्नची सोय आहे, तेव्हा भावोजींना त्यात टाकून मोकळी होऊ का, असा विचार तुझ्या मनात येऊन गेला असेल. त्यांच्यापुरतं तरी ते करू नकोस. टाळायची सवय लागलेल्या कामाला मुदत वाढवून दिली, तर कोपऱ्यात एका पिशवीच्या तीन होतील.

झालं त्याबद्दल स्वतःला बोल लावत बसू नकोस. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात २०१० साली विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. जी गोष्ट आठवली की स्वतःची लाज वाटते, तिच्या जवळ माणूस जातच नाही.

आता उरलेली दहा दुकानं. तिथे मात्र तुझी वेळ चुकतेय. "जेवण आटपलं की" ही वेळ नव्हे. जेवण कधी आटपतं ते कोणाला ठाऊक, आणि भात-हुमण झाल्यावर गोव्यात कोणाला जीएसटी सुचतो? पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखवून दिलं की नुसता निश्चय करण्यापेक्षा "अमुक झालं की, अमुक ठिकाणी, अमुक करीन" असं आधी नेमून ठेवलं, तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. तुझ्यासाठी मी असं नेमेन : मुलं शाळेला गेली की, भांडी तशीच ठेवून, लॅपटॉप उघडायचा. बाजारातली दुकानं उघडून त्यांचे फोन सुरू होईपर्यंत घरात तू एकटी असतेस आणि डोकंही ताजं असतं. ही वेळ सध्या तू स्वयंपाकघराला देतेस आणि मग फोन खणखणत असताना हिशेब करायला बघतेस. उलटं कर. आमटी ढवळता ढवळता फोनवर बोलता येतं, ताळा जुळवताना येत नाही. दुपारी एकनंतर बाजार मिटला की पुन्हा शांतता असते, तेव्हा नुसत्या नोंदी टाक. त्याला डोकं कमी लागतं. एखाद दिवशी भांडी दहापर्यंत पडली तर सासूबाई काही म्हणतील. म्हणू देत. नोकरीला जात होतीस तेव्हा पडतच होती ना?

बसल्यावर पहिलं काम "रिटर्न भरणं" हे धरू नकोस, त्याने छाती दडपते. पहिलं काम एवढंच : एका दुकानाची बिलं तारखेने लावणं. पुढचं बहुधा आपोआप होतं. पंचवीस मिनिटांचा टायमर लावायची एक टूम फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या इटालियनाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढली. हवी तर करून बघ, नाही जमली तर सोडून दे.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव असं सांगणं सोपं आहे, पण तुझ्या धंद्यात रिटर्न घालतानाचा ओटीपी दुकानदाराच्या फोनवर येतो आणि तो मागायला तुला फोन हातात घ्यावाच लागतो. तिथेच घात होतो. ओटीपी मागून होतो, फोन काही खाली जात नाही. म्हणून सगळी रिटर्न्स आधी तयार करून ठेव आणि ओटीपीचे फोन एकाच बैठकीत, एकापाठोपाठ एक कर. दुकानदारांनाही सांगून ठेव : आठ तारखेला साडेदहाला फोन येईल, मोबाईल जवळ असू द्या. आठ तारीख कशाला? दहा-अकरा तारखेला सर्व्हरवर साऱ्या देशाची गर्दी असते.

एक मात्र मला पत्रातून कळलं नाही. हे सगळं फक्त कामापुरतंच आहे ना? झोप उडालीय, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टींतही मन रमत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, किंवा लहानपणापासूनच कशातच चित्त टिकलेलं नसेल, तर माझ्या सल्ल्यावर थांबू नकोस. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार इस्पितळात दाखव. तिथवर जाणं जड वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो.

ताजा कलमात तू विचारलंयस, ध्यानाचं एक ॲप वर्षभराचे पैसे भरून घेऊ का? तूर्त नको. त्या पैशांत म्हापशाच्या बाजारातून अकरा बॉक्स फाइली घेऊन ये. भावोजींशी बोलून झाल्यावर दहाच लागल्या, तर अकरावीत घरची लाइटबिलं ठेव.