तास सगळ्या वर्गाचा, सराव संघाचा

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, खो-खो खेळते. तिला हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक व्हायचंय. बी.पी.एड. करावं की पतियाळाला जावं? शाळेत नेमकं काम काय असतं?
– एक पालक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : शाळेतल्या नोकरीसाठी बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, हवीच. पदवीनंतर दोन वर्षं. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते, त्यामुळे सराव सुटू देऊ नका. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं आगाशे महाविद्यालय गुलटेकडीला आहे. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग नंतरही करता येतो.

कामाचं म्हणाल, तर तास सगळ्या वर्गाचा असतो. संघाचा सराव शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर. दोन्हींची सरमिसळ झाली की दहा-बारा जण खेळतात आणि बाकीचा वर्ग कट्ट्यावर बसतो. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. पेठेतल्या चिंचोळ्या पटांगणात साठ मुलं आणि 35 मिनिटं असतील, तर हजेरी आणि हलकं धावणं दहा मिनिटांत उरकावं. मग पंधरा-पंधराचे चार गट करावेत : दोरीउड्या, चेंडूफेक, शटल रन (दोन रेषांमध्ये पळत ये-जा), खो देणं. पाच मिनिटांनी शिट्टी, गट बदल. उरलेल्या पाच मिनिटांत श्वसनाचे आणि स्नायू ताणण्याचे व्यायाम. गट शिक्षकानंच पाडावेत. कप्तानांना निवडू दिलं की तीच तीन-चार मुलं रोज शेवटी उरतात.

खो-खोत नवखी मुलं खो मिळण्याआधीच उठतात आणि फाउल होतो. म्हणून आधी धावक न ठेवता, चालत चालत खो द्यायला लावावा : मागून, पाठीला हात आणि तोंडाने 'खो' एकाच वेळी. खांबावरचा सूर सगळ्यात शेवटी. तोही आधी गुडघ्यांवरून, मग दोन पावलं धावून, आणि माती उकरून भुसभुशीत केल्यावरच. कडक जमिनीवर कोपरं-गुडघे सोलतात आणि मूल पुन्हा सूर मारायला धजत नाही.

कागदपत्रांचं कामही याच शिक्षकाकडे येतं. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतलं) नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे जूनमध्येच पाहावं. दहावीच्या वाढीव क्रीडागुणांचा प्रस्तावही मुदतीतच जायला हवा, नाहीतर मुलाने घाम गाळून मिळवलेले गुण हातचे जातात.