देवगिरी (आजचा दौलताबाद किल्ला) अभेद्य होता, तर 1296 मध्ये पडला कसा?

किल्ला लढून पडला नाही, उपासमारीने पडला.

आधी बांधणी बघा. तटाच्या तीन रांगा आहेत: अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट. त्यांच्या आत डोंगराचा खालचा भाग छिन्नीने उभा तासलेला आहे, सुमारे 50 मीटर सरळ कडा. हात लावून बघा, बोट अडकवायलाही खाच सापडत नाही. पायथ्याशी कातळातच कोरलेला खंदक. तो ओलांडायला एकच अरुंद वाट, आणि पुढे अंधारी. हा कातळात खोदलेला, वळणं घेत चढणारा काळोखी बोगदा. पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, त्यामुळे शत्रूची चाल अडखळायची. वरच्या तोंडाशी निखारे पेटवले की आत धूर कोंडायचा. (आज जाताना टॉर्च न्या, वटवाघळं आहेत.)

एवढं असूनही रामदेवराव यादव गाफील सापडला. युवराज सैन्यासह बाहेर होता, आणि अल्लाउद्दीन खल्जी अचानक येऊन धडकला. घाईने वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं नंतरच्या फारसी इतिहासात येतं. ते खरं असो वा नसो, कोठार रिकामं असेल तर कडा किती उंच याला अर्थ उरत नाही. राजाने प्रचंड खंडणी देऊन तह केला.

एक गल्लत टाळा: आज दिसणाऱ्या तटाचं आणि दरवाजांचं बरंचसं बांधकाम यादवांनंतरचं आहे. किल्ल्यातला उंच मनोरा, चाँदमिनार, तर 15 व्या शतकातला, बहमनी काळातला.