सहा ग्रंथालयांच्या सायबर सुरक्षेची तुलना: बाकी काहीही करा, मार्कांची टोटल मारू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्याकडचं सगळं रामायण परत आठवलं. तुम्ही लिहिलंय की संस्थेच्या सहा ग्रंथालयांची (दोन सीनियर कॉलेजं 'कोहा' या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर, एक ज्युनिअर 'सोल' या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, तालुक्याचं अ वर्ग वाचनालय, हस्तलिखितांचा संशोधन विभाग आणि एक अभ्यासिका) सायबर जोखीम आणि कायदेपालन यांची तुलना करून अध्यक्षांना द्यायचीय, त्यासाठी चाळीस होय-नाही प्रश्नांची शीट केली, आणि निकालात अभ्यासिका पहिली आली नि वाचनालय शेवटी. हे बरोबर वाटत नाही म्हणता. नाहीच बरोबर. अभ्यासिकेत सर्व्हर नाही, वेबसाइट नाही, म्हणून अर्ध्या प्रश्नांना 'लागू नाही' आलं असणार आणि तुम्ही त्याचे मार्क दिले असणार. हे पहिल्यांदा काढून टाका.

अँटिव्हायरस, अपडेट, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवू नका वगैरे मी लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माहितीय. आणि आधीच सांगतो, मी वकील नाही, ऑडिटर नाही, ग्रंथालयात आयुष्य घालवलेला आणि नाइलाजाने कॉम्प्युटर शिकलेला माणूस आहे, तेव्हा कायद्याचं जे लिहीन ते कुणा जाणकाराकडून तपासून घ्या.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण तुमची शीट बघून मला तेच दिसतंय. एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही, अजून त्यांच्याशी काम पडतं) सगळ्या ग्रंथालयांना व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक एक्सेल टाकली, 'सायबर सुरक्षा माहिती, तातडीचे'. रकाने बघा: फायरवॉल आहे का, बॅकअप आहे का, धोरण आहे का, आणि शेवटी 'सर्व्हरचा आयपी, अॅडमिन युजरनेम, पासवर्ड', रेकॉर्डसाठी म्हणे! आम्ही तो शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर फोन आला, रकाना रिकामा का, साहेबांना पूर्ण भरलेली शीट लागते. त्यावर मी 'विनंतीनुसार प्रत्यक्ष दाखवू' असं लिहून पाठवलं. बाकीच्या बऱ्याच जणांनी भरून दिलं, आणि मग ती सगळ्यांची एकत्र केलेली शीट पडताळणीसाठी म्हणून त्याच ग्रुपवर परत आली. म्हणजे सुरक्षेची तुलना करायच्या नादात जिल्हाभराच्या किल्ल्या चौकात मांडून ठेवल्या. मी फोन करून सांगितलं की ही डिलीट करा आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगा, तर उत्तर काय, 'तुमचा मुद्दा लेखी द्या'. लेखी दिला. आवक नंबर पडला, पुढे काही नाही.

पण खरा फटका वेगळाच. त्या शीटवरून क्रमवारी लागली. आम्ही 'बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवता का' याला प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं होतं, कारण तेव्हा नव्हता, आणि आमचा भाबडा समज की 'नाही' दिसलं तर स्टोरेजला पैसे मिळतील. झालं उलटं. थोडाफार निधी होता तो वरच्या नंबरवाल्यांना प्रोत्साहन म्हणून गेला आणि आम्हाला 'असमाधानकारक' शेरा, वर अपूर्ततेबाबत खुलासा सादर करा असं पत्र. आमचे कार्यवाह काय म्हणाले असतील ते सांगायला नको, 'पुढच्या वेळी होय लिहून टाका'. पुढच्या वर्षी अख्ख्या यादीत एक 'नाही' शिल्लक नव्हता आणि त्या कार्यालयाने 'लक्षणीय सुधारणा' असा अहवाल केला. एका रुपयाचं काम कुठेही झालेलं नव्हतं हो!

आणि मग त्या यादीत वर असलेल्या एका वाचनालयाचं सगळं गेलं. त्यांचं कोहा विंडोजच्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालायचं, बऱ्याच छोट्या ठिकाणी असंच असतं, कारण कोहाला लागणाऱ्या लिनक्सला वेगळं मशीन कोण देणार. कोहा बसवून देणाऱ्या माणसाने एनीडेस्क (लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) कायमचं चालू ठेवलेलं, पासवर्ड सोपा. एका सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी टेक्स्ट फाइल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुमचं अख्खं कोहा म्हणजे विंडोजच्या दृष्टीने एक मोठी फाइल असते, ती एक लॉक झाली की संपलं. बरं, बॅकअप होता का, तर होता! डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजने कोहा टाकलं की रोजचा बॅकअप आपोआप होतो, पण तो जातो त्याच मशीनच्या व्हार-स्पूल-कोहा फोल्डरात आणि डीफॉल्टला फक्त दोन दिवसांचे ठेवतो. म्हणजे तो बॅकअपही त्याच लॉक झालेल्या फाइलच्या पोटात. शीटवर 'बॅकअप: होय' हे शंभर टक्के खरं होतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. पुढे त्यांनी दाखल नोंदवहीवरून (आलेलं प्रत्येक पुस्तक हाताने नोंदवायची वही) परत डेटा एंट्री केली. (म्हणून सांगतो, संगणकीकरण झालं म्हणून दाखल नोंदवह्या रद्दीत घालायचा ठराव कुणी आणला तर आडवे पडा.)

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये हल्ला झाला, रायसिडा नावाच्या टोळीने २० बिटकॉइन मागितले, लायब्ररीने दिले नाहीत, मग सुमारे ६०० जीबी डेटा डार्क वेबवर टाकला. मार्च २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या चुकांचा अहवाल जाहीर केला, फुकट आहे, अध्यक्षांना त्याची प्रिंट द्या. त्यात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. एक, २०१९ मध्ये त्यांच्याकडे सायबर इसेन्शियल्स प्लस हे तिकडचं सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र होतं, २०२२ मध्ये निकष बदलले आणि जुन्या सिस्टिम बदलेपर्यंत ते त्यात बसेनासे झाले. दोन, चोर बहुतेक जिथून शिरले तो बाहेरच्या कंत्राटदारांच्या प्रवेशासाठी ठेवलेला टर्मिनल सर्व्हर होता आणि त्यावर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे आपला ओटीपी प्रकार, लावलेलाच नव्हता, इतर ठिकाणी लावला होता. आणि तीन, डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या पण परत उभं करायला चालणारी यंत्रणाच नव्हती, जुनी सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेनात. कॅटलॉग लोकांना परत दिसायला जानेवारी २०२४ उजाडलं, तेही फक्त बघण्यापुरतं. त्याच ऑक्टोबरमध्ये टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयावर हल्ला झाला, तिथे परत आलेली पुस्तकं सिस्टिममध्ये घेता येईनात म्हणून लाखो पुस्तकं ट्रेलरमध्ये भरून ठेवावी लागली. ब्रिटिश लायब्ररीच्या नि आपल्या बजेटमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर, पण कंत्राटदाराचं दार दोन्हीकडे उघडंच.

तर तुलना कशी करायची. माझं मत, पटलं तर घ्या. कायदेपालन आणि जोखीम यांचे दोन वेगळे तक्ते करा, एकत्र मार्क देऊ नका. कायदेपालनात फक्त 'लागू आहे का आणि पुरावा काय' एवढंच. जोखमीत मात्र प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बसायचं, शीट मेल करायची नाही. आणि प्रश्न होय-नाहीचे नकोत, करून दाखवा असे हवेत. 'बॅकअप आहे का' ऐवजी 'गेल्या महिन्याचा बॅकअप या दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून एका सभासदाचं खातं उघडून दाखवा'. याला किती वेळ लागला ते लिहा, जमलंच नाही तर तसं लिहा. माझ्या मते या एका प्रश्नात तुमचे निम्मे प्रश्न निकालात निघतात. दुसरा, 'सोडून गेलेल्या, बदली झालेल्या आणि ट्रेनी म्हणून आलेल्या लोकांची लॉगिन यादी उघडा'. कोहात सुपरलायब्रेरियनचा, म्हणजे सगळं काही करू देणारा, अधिकार किती जणांना आहे ते तिथल्या तिथे दिसतं, आणि शिपायापासून माजी ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना दिलेला आढळला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तिसरा, 'बाहेरून या मशीनवर कोण येऊ शकतं'. यात एक गंमत आहे जी ओळीओळीच्या तुलनेत कधीच दिसत नाही: सहाही ठिकाणी देखभाल करणारा माणूस एकच असेल आणि त्याने सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला असेल (असतोच!), तर तुमच्याकडे जोखीम सहा नाहीत, एकच आहे, आणि ती अध्यक्षांना पहिल्या स्लाइडवर दाखवायला हवी.

शिवाय कुणाचं काय जाईल हे बघा. संशोधन विभागात हस्तलिखितांचं स्कॅनिंग गेलं तर ते परत करायला मूळ पोथ्या पुन्हा हाताळाव्या लागतील, आणि काही पोथ्यांचं ते सोसायचं वय राहिलेलं नसतं, त्यामुळे तिथे गोपनीयतेपेक्षा प्रत टिकणं मोठं. दोन डिस्क, एक दुसऱ्या इमारतीत, कॉपी झाली की वायर काढून कपाटात, एवढं तरी. कॉलेजांत ई-रिसोर्सेसचे पासवर्ड हा विषय आहे, एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नलं, ई-पुस्तकं देणारी योजना) लॉगिन विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरत असतं आणि प्रकाशकाने भरमसाट डाउनलोड पकडलं की बोंब ग्रंथपालाच्या नावाने. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी ग्रंथालय ऑटोमेटेड आहे का हे विचारतात, ते ऑटोमेशन कुणी लुटून नेलं तर काय याचं उत्तर आपणच तयार ठेवायचं.

आणि अभ्यासिका, जी तुमच्याकडे पहिली आली! तिथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते. प्रवेशाच्या फॉर्मला आधारची झेरॉक्स, फोटो, पालकांचा नंबर, आणि हे सगळं सांभाळणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सअॅपने आलेलं. अकरावी-बारावीची मुलं असतात तिथे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे वेळ आहे पण फार नाही. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. हा आकडा स्लाइडवर टाकून अध्यक्षांना घाबरवू नका, ती कमाल आहे आणि वाचनालयाला कुणी २५० कोटी मागायला येणार नाही, पण वाचनालयाच्या बालविभागालाही हेच लागतं हे मात्र नक्की सांगा. यातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नको ती माहिती घेऊच नका. आधारची प्रत कशाला लागते? बघा, परत द्या, 'ओळख तपासली' अशी टीप मारा. तसंच कोहा सभासदाचा वाचनाचा इतिहास साठवत राहतं, जुना इतिहास निनावी करायची सोय त्यातच आहे, फक्त कुणी चालू करत नाही. कुणी कोणतं पुस्तक नेलं हे वर्षानुवर्षं नावानिशी ठेवून आपल्याला करायचंय काय?

घटना घडलीच तर सर्ट-इनचा (सायबर घटना बघणारी केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ चा आदेश आहे, लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. आपल्यासारख्या ट्रस्टच्या ग्रंथालयाला तो कितपत बांधतो यावर दोन वकील तीन मतं देतील. मी म्हणतो कळवून टाका, एका मेलचं काम आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि तो लगेच, मीटिंग बोलावून ठराव करून नाही. (काउंटरवरच्या वर्गणीच्या क्यूआर कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलाय का हेही अधूनमधून नखाने खरवडून बघत जा.)

राहता राहिला अहवाल. क्रमांक देऊ नका. दिलेच तर वर ठळक लिहून घ्या की 'नाही' लिहिणाऱ्याला खुलासा मागितला जाणार नाही आणि पैसे खालून वर वाटले जातील, आणि त्यावर अध्यक्षांची सही घ्या, तोंडी नको. ती मिळत नसेल तर तुलनेचं काम अंगावर घेऊच नका असं मी म्हणेन, थोडं टोकाचं वाटेल. आणि भरलेली शीट कुणाकुणाला जाणार हे आधी ठरवा, कारण कुठे काय उघडं आहे याची एवढी नेटकी यादी चोरालाही दुसरीकडे मिळणार नाही.

सोलवाल्या ज्युनिअर कॉलेजचं मात्र मला आणखी कळायला हवं. सोलचं कुठलं व्हर्जन आहे, खाली डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर आहे की मायएसक्यूएल, आणि विंडोज कुठलं? विंडोज ७ असेल तर ते मशीन आजच इंटरनेटवरून काढा, बाकीचं नंतर बोलू. १० चाही सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. एवढं कळवलंत तर बॅकअप कसा घ्यायचा ते वेगळं लिहितो.