मालवणात बाबांचा खुबा मोडला, ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी सुरू झाल्यापासून पहाटे शुगर ६२ येते. गोळीमुळे असेल का?

असू शकतं. ट्रामाडॉलने साखर खाली जाऊ शकते, काही वेळा मधुमेह नसलेल्यांचीही. सुरुवातीच्या दिवसांत जास्त लक्ष ठेवायचं. दुखण्याच्या ताणाने उलट साखर चढते, त्यामुळे ऑपरेशननंतर आकडे वरखाली होतात आणि घरचे गोंधळतात.

दुसरं कारण साधं आहे. या गोळ्यांनी मळमळतं, पोट जड राहतं, जेवण जात नाही. माझ्या आईचं असंच झालं होतं. रात्री दोन घास पेज खाल्ली, पण ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी, मात्र नेहमीचीच. पहाटे अंग घामाने चिंब, बोलणं अडखळत. आम्हाला वाटलं गुंगी आहे, औषधाची. मशीनवर ५४!

म्हणून बाबा झोपाळू वाटले, घाम आला, हात थरथरले तर आधी बोटातून रक्त तपासा. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. साखर घातलेलं कोकम सरबत चालेल, सोलकढी नाही (आमच्याकडे शेजारच्या काकी तीच घेऊन आल्या होत्या). शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आजच डॉक्टरांना आकडे कळवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा की वेदनाशामक बदलायचं, ते ठरवतील. ट्रामाडॉल बरेच दिवस चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका.