लातूरसारख्या शहरात लोकांनी रोजच्या कामाला सायकल वापरावी, यासाठी मोठ्या रस्त्यांवर सायकल ट्रॅक बांधले की पुरेल का?

ट्यूशन एरियाजवळ माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. ट्रॅकचं नंतर सांगतो, आधी दुकानात काय काय येतं ते ऐका.

जून-जुलैत बाहेरगावची लेकरं शिकवणीला येतात आणि त्यांच्या जुन्या सायकली माझ्याकडे. ब्रेक, चेन, सीट. मग वर्षभर पंक्चर, सराटे आणि बाभळीचे काटे. ते चालतंय, दहा मिनिटांचं काम. मला खटकतात त्या वाकड्या रीमा. "काका, चाक डुलायलंय." आउट म्हणजे चाकाचा बाक काढता काढता विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. एक, क्लासच्या स्टँडवर पुढचं चाक खाचेत अडकवलं होतं आणि शेजारच्या चार सायकली अंगावर पडल्या. असले स्टँड कोण बनवतं देव जाणे. उलट्या यू आकाराचा पाईप जमिनीत रोवला तर सायकलची फ्रेम टेकते, कुलूपही फ्रेमलाच लागतं. दुसरं उत्तर, गटारावरची जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच बसवलेल्या असतात, टायर बरोबर फटीत जातो. मागच्या पावसाळ्यात एका पोरीचे पुढचे दोन दात गेले. चाक मी फुकट करून दिलं, दातांचं काय करणार?

बाहेरची लेकरं सायकल चालवतात कारण त्यांचे आईबाप इथे बघायला नसतात. गावातली लेकरं दहावी झाली की स्कूटीवर. मी पालकांना विचारतो. पैशाचं कोणी बोलत नाही, उन्हाचं थोडे बोलतात, बाकी सगळे म्हणतात, "रात्री साडेआठला बार्शी रोडवरून सायकलवर पाठवू?" त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

आता गंमत बघा. गंजगोलाईला, म्हणजे आमच्या गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात. हातगाड्या, ऑटो, पोती उतरवणारे टेम्पो. तरी गर्दीच्या वेळी तिथे सायकलवर मला भीती वाटत नाही, कारण कोणाला पळताच येत नाही. धक्का लागतो, शिव्या बसतात, हाडं शाबूत राहतात. रुंद, गुळगुळीत रस्त्यावर माझी पाठ ताठ होते. ताशी 50 च्या गाडीची धडक 30 च्या गाडीपेक्षा दुप्पट नसते, पावणेतीन पटींच्या वर असते, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून वस्तीतल्या, शाळा-क्लासच्या रस्त्यांवर मी ट्रॅक मागणारच नाही, वेग 30 च्या आत आणा म्हणेन. नुसती पाटी लावून नाही. चौकातलं वळण आवळलं, ओलांडायची जागा उंच केली की ड्रायव्हर आपोआप ब्रेकवर पाय ठेवतो.

औसा रोड, अंबाजोगाई रोड असल्या रस्त्यांवर मात्र ट्रॅक हवाच. दोन मीटर तरी रुंद, मध्ये कठडा, आणि चौकातून पार नेलेला. आपल्याकडे पट्टा रंगवतात आणि चौक आला की सोडून देतात, म्हणजे नदीच्या काठापर्यंत पूल. महिन्याभरात त्यावर भाजीवाले आणि मोटारसायकली. भाजीवाल्याला दोष देऊ नका, त्याला दुसरी जागा दिलीच नाही.

ऊन? स्पेनमधलं सेव्हिल बघा. उन्हाळ्यात तिथेही पारा 40 गाठतो. 2006 नंतर चार-पाच वर्षांत त्यांनी ट्रॅकचं जाळं साधारण 120 किलोमीटरपर्यंत नेलं, तेही एकमेकांना जोडलेलं. बरीचशी जागा गाड्यांच्या पार्किंगमधून काढली. आधी सायकली नावाला होत्या, मग सगळीकडे दिसायला लागल्या. आपलं गाव तर केवढं? गोलाईपासून बहुतेक वस्त्या चार-पाच किलोमीटरच्या आत, वीस मिनिटांची वाट. क्लासही सकाळ-संध्याकाळचे. दुपारी बारा ते चार मी स्वतःसुद्धा सायकल काढत नाही, लिंबाची सावली असेल तेवढाच रस्ता सोडून.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर एकदा रात्री क्लास सुटताना सायकलवर या, लेकरांच्या मागे मागे. कुठे उतरून चालत जातात, कुठे उलट्या बाजूने घुसतात, ते लिहून घ्या. तीच तुमची कामाची यादी. जाळ्याही बघा. आमच्या गल्लीतली चौकोनी होती. तीनदा सांगून कोणी आलं नाही, तेव्हा मी आणि शेजारच्या पानवाल्याने पहार लावून उचलली, आडवी फिरवली, पुन्हा बसवली. पंधरा मिनिटं लागली.